कोकणच्या दर्यावर्दींची परिभाषा

कोकण किनाऱ्यावरील नाविकांची परिभाषा एका भाषेतून घडलेली नाही. निरनिराळ्या देशांची जहाजे या बंदरांत येत गेली तसतशी तिच्यात भर पडत गेली, आणि कोणत्या कामासाठी कोणाचा शब्द उचलला गेला हे पाहिले, तर ते काम कोणाच्या संगतीत चालत होते याचा बराचसा उलगडा होतो.

किनाऱ्यालगतच्या पाण्याचे शब्द देशीच राहिले. भरती आणि ओहोटी, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण, अष्टमीच्या आसपासचा मंद भरतीचा भांग, तसेच दोन्ही हात पसरून होणारी आणि पाण्याची खोली सांगणारी वाव, हे सारे कोळी व गाबीत यांच्या रोजच्या कामातले शब्द होत. खोल समुद्रातील व्यापार मात्र शतकानुशतके अरबी-फारसी जगाशी जोडलेला होता, आणि त्यामुळे जहाजाचा धनी तो नाखवा (फारसी नाखुदा), त्याला वाट दाखवणारा तो मालीम, दिशा वळवणारे ते सुकाणू आणि वादळ ते तुफान झाले. फारसी लंगराने तर मराठीत शेतातल्या नांगराचेच रूप घेतलेले दिसते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला मतलई म्हणतात, तोही शब्द अरबीच. उगवतीचे स्थान या अर्थाच्या 'मतला'पासून तो आला, कारण कोकणात जमीन पूर्वेला आहे. शाळेच्या भूगोलात खारे आणि मतलई वारे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा संबंध सहसा सांगितला जात नाही.

युद्धनौकांची नावे अशीच मिश्र आहेत. गुराब हा अरबी शब्द, मूळ अर्थ कावळा; दोन-तीन डोलकाठ्यांचे, निमुळत्या नाळेचे, उथळ पाण्यात चालणारे आणि समोरच्या बाजूने तोफा डागणारे हे जहाज होते. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे, त्यामुळे वारा पडला की तेच गुराबेला दोराने ओढून शत्रूच्या टप्प्यात नेई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे एक तुकडी, करावी असे सांगितले आहे. म्हणजे एका प्रकारची उणीव दुसऱ्याने भरून काढणे ही केवळ तांडेलांची, म्हणजे नौकाप्रमुखांची, हिकमत नव्हती, ती राज्याची व्यवस्था होती. या सबंध दलाला दिलेले आरमार हे नाव मात्र पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आले, आणि ते स्वाभाविकच होते: सतराव्या शतकात किनाऱ्यावरचे प्रबळ नाविक दल त्यांचे होते, आणि शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला घेतली तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. इंग्रजांच्या 'मॅन ऑफ वॉर'चे पुढे मनवार झाले.

इंग्रजी अमलात ही परिभाषा किनारा सोडून जगभर गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर आगबोटींच्या खलाशांत रत्नागिरीकडचे, विशेषतः कोकणी मुसलमान, मोठ्या संख्येने होते. त्यांना हुकूम देता यावा म्हणून टॉमस रोबक याने 1811 मध्ये कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नाविक कोश छापला, आणि 1882 मध्ये जॉर्ज स्मॉल याने तो सुधारून पुन्हा काढला. इतकी वर्षे त्याची गरज उरली, यावरून जहाजाची भाषा खलाशांनी बदलली नाही, अधिकाऱ्यांनाच ती शिकावी लागली, हे उघड होते. बदलली ती पदे. होडीवर तांडेल हा सर्वेसर्वा असे. दक्षिणेकडील भाषांतून आलेला हा शब्द कोकणात मासेमारी नौकेच्या प्रमुखाला आजही लावतात. आगबोटीवर मात्र सारंग (फारसी सरहंग, म्हणजे सेनानायक) हा खलाशांचा मुखिया ठरला आणि तांडेल त्याच्या हाताखालचा. गावातून माणसे गोळा करणे, त्यांना कामावर लावणे आणि त्यांच्या वतीने गोऱ्या अधिकाऱ्याशी बोलणे हे सारंगाकडे असल्यामुळे त्याचा वचक किनाऱ्यावरच्या घरांपर्यंत पोहोचत असे.