लीड्सचा हौद

खेळाचा इतिहास आपल्याकडे धावांच्या, बळींच्या आणि गोलांच्या आकड्यांनी लिहितात. पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, हे त्या इतिहासात सापडते. पुण्याला चहाच्या वेळी त्याच बाळूंना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, ही मात्र 'खेळाबाहेरची' गोष्ट ठरते. मला ती खेळाचीच गोष्ट वाटते. म्हणूनच अल्बर्ट जोहानसन या फुटबॉलपटूची कारकीर्द मी गोलांपासून न सांगता एका हौदापासून सांगणार आहे.

जोहानसन १९४० साली जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनला जन्मला. तो आठ वर्षांचा असताना दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे सरकारचे धोरण झाले. १९५३ च्या कायद्याने बस, बाक, समुद्रकिनारे सारे वेगळे केले. शिवाय काळ्यांची सोय गोऱ्यांच्या सोयीइतकी चांगली असण्याची गरज नाही, हेही त्याच कायद्यात निर्लज्जपणे नमूद केले. आपल्याकडचा विटाळ पोथीतून आला, तिकडचा राजपत्रातून. पाणी दोन्हीकडे बाटत होते.

एका शाळामास्तराच्या शिफारशीवरून १९६१ साली तो इंग्लंडमधील लीड्स युनायटेड क्लबात आला. शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ माणसे गोळ्या घालून मारली, त्याला तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते. जोहान्सबर्गचाच जेरी फ्रान्सिस हा काळा खेळाडू लीड्समध्ये आधीपासून होता. येथे गोरी उमेदवार पोरे मोठ्या खेळाडूंचे बूट साफ करीत. आपलेही बूट एक गोरा मुलगा पुसतो आहे हे पाहून जोहानसन चक्रावून गेला.

आणि मग तो हौद. सामना संपला की सारे खेळाडू एकाच मोठ्या हौदात उतरत. जोहानसन बाहेरच थांबला. गोऱ्यांच्या पाण्यात आपण उतरायचे नसते, ही त्याची समजूत. शेवटी सोबत्यांनी त्याचे कपडे काढून, हसत हसत त्याला उचलून पाण्यात टाकले.

ही हकीकत इंग्रज मंडळी कौतुकाने सांगतात. त्या पोरांच्या दिलदारपणाबद्दल मला शंका नाही. आपल्या गावच्या विहिरीवर असे चार सोबती आपल्या बापजाद्यांना कधी भेटले होते? पण मला हसू येत नाही. त्या हौदावर पाटी नव्हती, शिपाई नव्हता, कायदा नव्हता. तरीही तो काठावर थांबला. कायदा सहा हजार मैल मागे राहिला होता आणि बंदी त्याच्या अंगाबरोबर आली होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर बाबासाहेब हजारोंसह आपल्या पायांनी उतरले. हक्क म्हणून उतरणे आणि दुसऱ्याने गमतीने टाकणे यांत जे अंतर आहे, ते क्लबातल्या कोणाच्या ध्यानात आले असेल असे मला वाटत नाही.

डाव्या बगलेवरून तो वाऱ्यासारखा सुटे. १९६३-६४ च्या हंगामात लीड्सने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले, त्यात त्याचा वाटा मोठा होता. १ मे १९६५ रोजी वेम्ब्लीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात उतरणारा तो पहिला काळा आफ्रिकी खेळाडू ठरला. लिव्हरपूलने जादा वेळेत २-१ असा विजय मिळवला. जोहानसनचा खेळ त्या दिवशी झाला नाही, आणि 'मोठ्या सामन्यात गळपटतो' हा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला.

हा शिक्का मारणाऱ्यांनी प्रेक्षकांतून येणारे माकडांचे आवाज हिशेबात धरले होते काय? एक हकीकत सांगतात. विरोधी खेळाडूने रंगावरून शिवी दिली अशी तक्रार घेऊन तो प्रशिक्षक डॉन रेव्हीकडे गेला. रेव्हीने सांगितले, तूही त्याला 'गोरा' म्हणून तशीच शिवी दे. वरवर पाहता हा समतेचाच सल्ला! आपल्यालाही तो ओळखीचा आहे. जातीवरून कोणी बोलले तर तुम्हीही त्याची जात काढा, असे सांगणारे शहाणे कचेरीत आणि कॉलेजात पैशाला पासरी भेटतात. पण 'काळा' या शिवीमागे तुरुंग, पास आणि बंदूक उभी असते. 'गोरा' या शिवीमागे काय उभे असते? शब्द तोडीस तोड दिसतात, वजने सारखी नसतात. ज्याच्या पाठीशी राज्य आहे त्याला शिवी ही शिवीच वाटत नाही. रेव्ही दुष्ट होता असे मी म्हणत नाही. संघबांधणीत तो हुशार होता, पण आपल्या खेळाडूला काय सोसावे लागते हे त्याला उमगले नाही.

पुढचे फार लांबवण्यासारखे नाही. दुखापती वाढल्या, एडी ग्रे या तरुणाने डाव्या बगलेवरची जागा घेतली, दारू जवळ आली. १९७० साली तो यॉर्क सिटीकडे गेला आणि तेथेच कारकीर्द संपली. फिफाने १९७६ साली दक्षिण आफ्रिकेला काढून टाकले आणि १९९२ साली परत घेतले. १९९४ साली तेथे काळ्यांनी पहिल्यांदा मतदान केले, तेव्हा जोहानसन लीड्समध्येच होता. १९९५ च्या सप्टेंबरात, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो तेथल्याच आपल्या खोलीत एकटा मरून पडलेला आढळला. मृत्यू होऊन काही दिवस लोटले होते.