‘आयन’ शब्दाचे अर्थांतर आणि रासायनिक समीकरण

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी ओतले की पांढरा साका तळाशी बसतो. ही प्रक्रिया जुन्या धर्तीच्या समीकरणात मांडताना उजव्या बाजूस सिल्व्हर क्लोराइडच्या जोडीला सोडियम नायट्रेटही लिहावे लागते. वस्तुतः चंचुपात्रात सोडियम नायट्रेट नावाचा नवा पदार्थ तयार झालेलाच नसतो. सोडियम व नायट्रेट यांचे आयन मिश्रणापूर्वी जसे सुटे होते तसेच नंतरही राहतात. त्यांना वगळून सिल्व्हर व क्लोराइड या दोन आयनांच्या संयोगाचीच नोंद करणे, हे निव्वळ आयनी समीकरण होय. विद्यार्थी याकडे काटछाटीची एक रीत म्हणून पाहतात. परंतु ही काटछाट शास्त्रसंमत ठरण्यापूर्वी एका शब्दाचा अर्थ पालटावा लागला, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१७८७ साली लाव्हाझिए व त्याच्या तीन सहकाऱ्यांनी पॅरिस येथे जी नामकरणपद्धती प्रसिद्ध केली, तीत क्षाराचे नाव दोन पदांचे झाले. सामासिक नाव वाचताच एकच वस्तू मनात उभी राहते. द्रावणातही ती अखंड आहे असे मानणे मग स्वाभाविकच होते.

‘आयन’ हा शब्द १८३४ सालचा. विजेने होणाऱ्या विघटनाचे वर्णन करण्यासाठी फॅरडेने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्या सल्ल्याने तो स्वीकारला. ‘जाणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूचे हे नपुंसकलिंगी धातुसाधित, म्हणजे ‘जाणारे’. (आपल्या ‘अयन’ शब्दातील ‘इ’ धातू त्याचा सगोत्र आहे, मराठी ‘आयन’ मात्र इंग्रजी उच्चारावरून आला.) फॅरडेच्या लेखी प्रवाहामुळे जे विद्युदग्राकडे जाते ते आयन. प्रवाह नसतानाही द्रावणात असे सुटे कण असतात, हा अर्थ त्यात नव्हता.

तो अर्थ अऱ्हेनिअसने दिला. १८८४ साली उप्साला येथे सादर केलेल्या त्याच्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. १८८७ च्या लेखात त्याने स्पष्ट म्हटले, की क्षार व प्रबल आम्ले पाण्यात विरघळताच आयनांत विभागतात. प्रवाहाची गरज नाही. १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शब्द तोच राहिला, अर्थ पालटला.

या अर्थांतराला उष्णतेच्या मापनाचा भक्कम आधार होता. कोणतेही प्रबल आम्ल कोणत्याही प्रबल अल्काशी विरल द्रावणात मिसळा, पाण्याच्या दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूलच उष्णता निघते. जुन्या लेखनात ही समीकरणे भिन्न दिसत आणि आकड्यांची समानता अनाकलनीय राही. आयनी लेखनात सर्वांचे समीकरण एकच होते: हायड्रोजन आयन व हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी. हायड्रोसायनिक आम्लाच्या बाबतीत मात्र आकडा सुमारे १२ पर्यंत उतरतो, कारण ते दुर्बल आम्ल द्रावणात बहुतांशी अखंड असते. म्हणून समीकरणातही ते अखंडच लिहावयाचे. काय फोडावे व काय फोडू नये हे पाठांतराने नव्हे, अशा मापनाने ठरले आहे.

नव्या लेखनाबरोबर संतुलनाची एक जास्तीची अट आली. सिल्व्हर नायट्रेटमध्ये तांब्याची पट्टी बुडविली असता एक तांब्याचा अणू व एक सिल्व्हर आयन डावीकडे, आणि द्विभारी तांब्याचा आयन व एक सिल्व्हर अणू उजवीकडे, असे लिहिले तर अणू जुळतात. पण विद्युत्‌भार डावीकडे एक, उजवीकडे दोन. म्हणून सिल्व्हर दोनदा घ्यावी लागते. जुन्या समीकरणात प्रत्येक पदार्थ उदासीन असल्यामुळे हे काम नायट्रेटची संख्या जुळविताना आपोआप होऊन जाई. नायट्रेट वगळल्यावर ते हाताने करावे लागते, आणि केवळ अणू मोजून थांबणारा विद्यार्थी हटकून तेथेच अडखळतो.