'ऱ्यूजु' म्हणजे ड्रॅगनचं झाड? नागार्जुनाच्या जपानी नावाचा नागपूरशी काय संबंध?

जपानी शिकणाऱ्या एखाद्याने 'ऱ्यूजु' हा शब्द अक्षरं सुटी करून वाचला, तर अर्थ निघतो 'ड्रॅगन' आणि 'झाड'. प्रत्यक्षात हे एका भारतीय आचार्यांचं नाव आहे. शून्यतेचा विचार मांडणारे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन जपानमध्ये 'ऱ्यूजु' म्हणून ओळखले जातात.

उच्चार कसा करायचा?

'ऱ्यू' दीर्घ आहे. 'दऱ्या' म्हणताना जीभ जशी फिरते, तशीच इथेही फिरते. 'जु' मात्र ऱ्हस्व असून तो 'जुना'मधला नव्हे, तर 'जुलै'मधला आहे.

दोन अक्षरं, दोन अर्थ

चीनमधून जपानमध्ये आलेल्या अक्षरांना 'कांजी' म्हणतात. कांजी अक्षराला उच्चाराबरोबर स्वतःचा अर्थही असतो.

पहिलं अक्षर 'ऱ्यू', म्हणजे ड्रॅगन. अस्सल जपानी शब्द म्हणून तेच अक्षर 'तात्सु' असंही वाचतात. त्याच्या जुन्या रूपात 16 रेघा आहेत, तर सोप्या केलेल्या रूपात 10. जुन्या रूपात डावीकडे वर 'उभं राहणं' आणि खाली 'चंद्र' या अक्षरांसारखे भाग दिसतात. पण हे साम्य फक्त लक्षात ठेवण्यापुरतं वापरावं. मुळात हे मोठं डोकं आणि वळणदार शरीर असलेल्या प्राण्याचं चित्र होतं.

दुसरं अक्षर 'जु', म्हणजे उभं झाड. यातही 16 रेघा आहेत. डावीकडचा भाग 'झाड' हा अर्थ सांगतो, तर उजवीकडचा भाग उच्चार सुचवतो. असंख्य कांजी अक्षरं याच पद्धतीने बनली आहेत.

नागाचा ड्रॅगन कसा झाला?

बौद्ध ग्रंथांचं चिनी भाषांतर करताना 'नाग' या शब्दाचा प्रश्न आला. भारतीय कथांमधले नाग साधे साप नाहीत. ते पाण्यात राहतात, पाऊस पाडतात, खजिना राखतात. चिनी परंपरेत हे सगळं करणारा प्राणी म्हणजे ड्रॅगन. त्यामुळे भाषांतरकारांनी तेच अक्षर वापरलं आणि पुढे ते जपानमध्ये गेलं. म्हणूनच आपल्याकडचे वासुकी आणि तक्षक जपानी बौद्ध परंपरेत 'ऱ्यूओ', म्हणजे ड्रॅगनराजे आहेत.

नावातल्या झाडाचं कारणही चिनी भाषेतल्या नागार्जुन चरित्रात दिलं आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचे भाषांतरकार कुमारजीव यांच्या नावावर हे चरित्र आहे. त्यानुसार आईने त्यांना अर्जुनवृक्षाखाली जन्म दिला आणि नागांमुळे त्यांना ज्ञान मिळालं. सातव्या शतकात ह्युएन त्संग यांनी वेगळा पर्याय निवडला. त्यांनी 'अर्जुन'साठी झाडाऐवजी 'पराक्रमी' या अर्थाचं अक्षर घेतलं. जपानीत ते नाव 'ऱ्यूम्यो' असं वाचतात.

मग नागपूर कुठून आलं?

'ऱ्यू'ला 'गू' (राजवाडा किंवा देवस्थान) जोडलं की 'ऱ्यूगू' होतं, म्हणजे ड्रॅगनचा राजवाडा. जपानी लोककथेत तो समुद्राच्या तळाशी आहे. नागार्जुनांनी प्रज्ञापारमिता ग्रंथ नागलोकातून आणले, अशी बौद्ध कथाही आहे.

जपानमध्ये 1935 साली जन्मलेले भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात बिहारमधल्या राजगीरला होते. त्यांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, तिथे एका रात्री ऱ्यूजुंनी दर्शन देऊन त्यांना दक्षिणेतल्या 'ऱ्यूगू'ला जायला सांगितलं. ससाईंनी अर्थ लावला : ऱ्यू म्हणजे नाग, राजवाडा म्हणजे पूर, म्हणून नागपूर. ते इथे आले, इंदोऱ्यात राहिले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुरू केलेल्या धम्मचळवळीत त्यांनी अनेक दशकं काम केलं.

नाग आणि नागपूर यांचा संबंध बाबासाहेबांनीही सांगितला होता. दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी धम्मदीक्षा घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूर का निवडलं, हे स्पष्ट केलं. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक आणि शहरातून वाहणारी नाग नदी, या दोन्हींचा त्यात उल्लेख होता. बाबासाहेबांच्या मांडणीतले नाग म्हणजे हाडामांसाची माणसं. जपानी अक्षरात मात्र ड्रॅगन उरतो आणि ही माणसं दिसत नाहीत.

जपानी लोक नागपूरला 'ऱ्यूगू' म्हणतात का?

नाही. तो ससाईंनी लावलेला अर्थ आहे, शहराचं जपानी नाव नव्हे. परदेशी नावं जपानीत 'काताकाना' या लिपीत उच्चारानुसार लिहितात. जपानी नकाशात हे शहर शोधायचं असेल, तर 'नागुपूरु' अशा उच्चाराचं नाव पाहावं लागेल. त्यात ना नाग सापडेल, ना ड्रॅगन.