चोच हरवलेला डायनॉसॉर

कार्नोटॉरसच्या धाडीत आईला पळावं लागतं. घरटं तुडवलं जातं, एकच अंडं शाबूत उरतं. ते ओव्हिरॅप्टर पळवतो, दुसऱ्याशी झटापट होते आणि अंडं नदीत पडतं. प्रवाहातून वाहत, मग टेरानोडॉनबरोबर आकाशातून, ते समुद्रातल्या एका बेटावर येऊन पोचतं. सुरुवातीची निवेदनाची मोजकी वाक्यं सोडली, तर या प्रवासात कुणी चकार शब्द काढत नाही.

डिस्नीचा ‘डायनॉसॉर’ मी लहानपणी केबलवर पाहिला, तोही इंग्रजीतून. आम्हाला इंग्रजी ‘ए फॉर ॲपल’च्या फारसं पुढे येत नव्हतं. ताई शेजारी बसून मनाने संवाद रचायची. म्हातारी स्टायरॅकोसॉरस तिच्या लेखी ‘आजी’ होती, आणि आजीचे गुडघे दुखायचे. परवा मोबाइलवर सबटायटल्स लावून तोच चित्रपट पाहिला आणि पहिल्यांदाच कळलं, की ताईचे संवाद बरे होते.

या चित्रपटाची मूळ कल्पना डिस्नीची नव्हतीच. ‘रोबोकॉप’ (१९८७) बनवणारे पॉल व्हरहोव्हन आणि त्यातलं स्टॉप मोशनचं काम करणारे फिल टिपेट यांच्या डोक्यातून ती निघाली. त्यांना हवी होती एक कठोर, संवादविरहित गोष्ट: शेवटी डायनॉसॉर नामशेष होणार, सस्तन प्राणी तगणार. ती डिस्नीकडे गेली, हात बदलत राहिली, आणि १९ मे २००० रोजी राल्फ झोंडाग व एरिक लेटन यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आली, तेव्हा प्राणी घडाघडा बोलत होते. साडेबारा कोटी डॉलरहून अधिक खर्चाच्या चित्रपटात लहान मुलांना शांतता झेपेल, यावर पैज लावायची कुणाची तयारी नव्हती.

पैसा दिसतो, हेही खरं. पार्श्वभूमी चितारलेली नाही. व्हेनेझुएला, हवाई, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी प्रत्यक्ष चित्रित केलेल्या भूदृश्यांवर संगणकाने घडवलेले प्राणी बसवले आहेत. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत आजही अंगावर काटा आणतं. पण अंडं बेटावर पोचतं, लेमूर तोंड उघडतात, आणि विनोद सुरू होतात. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी तेव्हाच दृश्यांचं कौतुक करून या बडबडीबद्दल हळहळ व्यक्त केली होती.

बोलण्याची किंमत नायकाने शरीराने मोजली. अलादार हा इग्वॅनोडॉन. खऱ्या इग्वॅनोडॉनला तोंडाच्या टोकाला चोच होती. पण चोचीने संवाद कसे म्हणणार? म्हणून त्याला मऊ, हलणारे ओठ दिले. काळाचा घोळ तर विचारूच नका. इग्वॅनोडॉन सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, ब्रॅकिओसॉरस त्याच्याही आधीचा, कार्नोटॉरस जेमतेम सात कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लेमूर डायनॉसॉर संपल्यानंतरचे. सगळे एकाच पंगतीला.

त्याहून बोचते ती ओव्हिरॅप्टरची बदनामी. मंगोलियात अंड्यांशेजारी त्याचा सांगाडा मिळाला, अंडी दुसऱ्याच डायनॉसॉरची मानली गेली आणि १९२४ मध्ये त्याचं नाव पडलं ‘अंडीचोर’. १९९३ मध्ये तशाच एका अंड्यात त्याच्याच कुळातला गर्भ सापडला. मग घरट्यावर बसलेला सांगाडाही मिळाला. म्हणजे ज्याला चोर म्हटलं, तो बहुधा स्वतःच्याच अंड्यांपाशी होता. हे जाहीर होऊन काही वर्षं लोटल्यावर आलेल्या चित्रपटात तो पुन्हा चोरच.

आणि ज्या कार्नोटॉरसला आम्ही दूरदेशीचा राक्षस समजून घाबरलो, तो अर्जेंटिनाचा असला तरी त्याचे भाऊबंद इथलेच निघाले. त्याच ॲबेलिसॉरिड कुळातल्या, गुजरातेत सापडलेल्या प्राण्याला २००३ मध्ये ‘राजासॉरस’ हे नाव मिळालं. खुद्द चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला लांब मानेच्या आयसीसॉरसची हाडं मिळाली आहेत. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं कळूनही चित्रपट मनातून उतरत नाही. उल्कापातानंतर कळप वाळवंटातून निघतो. पुढारी क्रॉनचा हिशेब साधा आहे: जो मागे पडेल तो मेला. अलादार मात्र म्हाताऱ्या ईमा आणि बेलिनसाठी थांबतो. पुढे गुहेत वाट संपते आणि तोच खचतो, तेव्हा त्याला उभं करते ती म्हातारी बेलिन. ज्यांना ओझं म्हणून सोडायचं होतं, त्यांच्याच धडकांनी भिंत फुटते. शेवटी कार्नोटॉरस समोर उभा ठाकतो. अलादार सगळ्यांना जागेवर थांबायला सांगतो, मग हंबरतो, आणि हळूहळू अख्खा कळप हंबरू लागतो. राक्षस बिचकून मागे सरतो. चित्रपटातला हा सर्वांत मोठा क्षण, आणि त्याचं काम पुन्हा शब्दांविना होतं.

व्हरहोव्हन-टिपेटच्या मनातला मूकपट कधीच बनला नाही. पण इंग्रजी न कळणाऱ्या आम्हा पोरांनी त्याच्या जवळचं काहीतरी पाहिलं असावं. ताईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, “ते राहू दे. आजीचे गुडघे बरे झाले का?”