कर्ण्यापासून कानापर्यंत

२०१६ या एका वर्षात करमाळा तालुक्यातल्या जेऊर गावाच्या ऐकण्यावर परिणाम करणाऱ्या तीन गोष्टी घडल्या. २९ एप्रिलला ‘सैराट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे याच गावचे आणि चित्रीकरणही करमाळा तालुक्याच्या परिसरातले. ५ सप्टेंबरला जिओची मोबाइल इंटरनेट सेवा सुरू झाली. मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला मोबाइलच्या दुकानात जाण्याची गरज त्यानंतर हळूहळू संपली. आणि ७ सप्टेंबरला ॲपलने आयफोन ७ जाहीर केला. त्या फोनला हेडफोनची पिन खुपसायला जागाच नव्हती. हेडफोनचे जॅक नसलेले फोन आधीही निघाले होते, पण बाकीच्या कंपन्यांना धीर आला तो यानंतर.

‘सैराट’च्या संगीतासाठी संगीतकार अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर केले. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटाचे संगीत एमजीएम या चित्रसंस्थेच्या काळात याच दालनात मुद्रित झाले होते. करमाळ्याच्या मातीतल्या गोष्टीला इतक्या दूरच्या व्हायोलिनांची साथ मिळाली. वरातीतल्या डीजेवर मात्र त्यातली हलगी-ढोलाचीच बाजू पोहोचली. तंतुवाद्यांचे एकावर एक चढणारे थर, त्यांच्यामागून येणारी पितळी वाद्ये, हे सगळे ऐकायचे तर शांत जागा आणि बरा हेडफोन हवा.

खासगीत, फक्त आपल्या कानात ऐकण्याची सोय या भागात उशिरा आली. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी लागे ना वीज, पण आवाज इतका क्षीण की हेडफोनशिवाय काही ऐकू येत नसे. मुंबईकर श्रोत्याची सुरुवात अशी कानापासून झाली. त्या केंद्राचे प्रक्षेपण अवघे दीड किलोवॅटचे. क्रिस्टल सेटला पुरेल एवढी लहर घाट ओलांडून भीमेच्या खोऱ्यातल्या जेऊरपर्यंत येणे शक्यच नव्हते. रेल्वेचे रूळ जेऊरवरून १८५९ सालीच कुर्डुवाडीकडे गेले होते. आवाजाला त्याहून पुष्कळ जास्त काळ लागला.

आणि तो आला तो चारचौघांत. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ साली त्याच केंद्रावरून, युनेस्कोच्या मदतीने, पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग झाला: गावाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचे, काय करायचे ते ठरवायचे. पुढे देशभर अशी मंडळे निघाली, ती या प्रयोगाच्या यशामुळे. ऐकणे ही एकट्याने करायची गोष्ट आहे, असे त्या काळात खेड्यात कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. लग्नात झाडाला बांधलेला कर्णा, त्यामागे आहुजाचा ॲम्प्लिफायर. देवळाच्या सप्ताहातही तोच.

ट्रान्झिस्टरने हे बदलले. रेडिओचा परवाना पोस्टातून काढावा लागे, पण सेट खांद्याला अडकवून शेतावर नेता येऊ लागला. कातडी कव्हरातल्या त्या रेडिओबरोबर कधीकधी एकच, एका कानात घालायचा इअरफोन मिळे. क्रिकेटची कॉमेंटरी वर्गात किंवा कचेरीत चोरून ऐकण्यासाठी तो वापरला गेला. त्याची पिन साडेतीन मिलिमीटरची. जाडी कमी, रचना मात्र जुनीच: टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर एकोणिसाव्या शतकापासून ज्या पाव इंची पिनेने तारा जोडत, तिचीच ही धाकटी आवृत्ती. सोनीच्या १९७९ सालच्या वॉकमनमध्ये हीच पिन स्टिरिओ झाली. त्या पहिल्या वॉकमनला दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकता यावे म्हणून.

आपल्याकडे वॉकमनपेक्षा कॅसेट मोठी ठरली. मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्यातले प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते रसवंतीत, टेम्पोत, चहाच्या टपरीवर वाजत राहिली. पुढे साधा कीपॅडचा मोबाइल आला, मग स्मार्टफोन; पिन तीच राहिली. स्टेशनाबाहेरच्या टपरीवरचा शंभर रुपयांचा इअरफोन आणि स्टुडिओतला महागडा हेडफोन एकाच भोकात बसत. शंभराहून जास्त वर्षे कुणाचीही परवानगी न मागता चाललेली ही जोडणी होती. ती फोनमधून काढून टाकणे हे नुकसानच झाले, आणि ते श्रोत्याच्या खिशातून भरून काढले गेले.

भरपाईचे साधन म्हणजे डाँगल. बोटभर तुकडा, एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्या टोकाला जुने साडेतीन मिलिमीटरचे भोक. पूर्वी फोनच्या पोटात होणारी दोन कामे तो बाहेर करतो: आकड्यांतले गाणे विजेच्या लहरीत उतरवायचे आणि ती लहर हेडफोन हलवण्याइतकी मोठी करायची. कॉम्प्युटरसाठी हा प्रकार ऑडिओक्वेस्टच्या ड्रॅगनफ्लायने २०१२ मध्ये लोकप्रिय केला; चार वर्षांनी त्याच्या नव्या आवृत्त्या फोनवरही चालू लागल्या. मग चिनी कंपन्यांची रांग लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाच्या, ऑडिओ चिपा बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि या चिपांचा मोठा पुरवठा थांबला, तेव्हा अनेकांना आपली उपकरणे दुसऱ्या कंपन्यांच्या चिपांवर नव्याने आखावी लागली. जाहिरातीत चिपचे नाव ठळक छापतात, पण ती चिप कोणती यापेक्षा तिच्याभोवतीचे सर्किट कसे बांधले आहे, हे कानाला जास्त कळते.

निवड करताना सुरुवात हेडफोनपासून करावी. कानात घालायचे इअरफोन बहुधा १६ ते ३२ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचे माप) असतात. त्यांना अर्धा व्होल्टसुद्धा पुष्कळ होतो. त्यांच्यासाठी ताकदवान डाँगल घेतला तर शांत जागी मागे बारीक खरखर ऐकू येते, आणि आवाजाची पहिली पायरीच मोठी वाटते. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल, तर मात्र एक व्होल्टचा साधा डाँगल शास्त्रीय संगीताच्या हळू मुद्रणात कमी पडू शकतो. तिथे दोन ते चार व्होल्ट देणारा, शक्यतो ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवणाऱ्या) जोडणीचा डाँगल उपयोगी. पण जास्त व्होल्टचा डाँगल फोनची बॅटरीही जास्त खातो.

बाजारात दोन फसगती होतात. काही स्वस्त अडॅप्टरांत रूपांतराची चिपच नसते, नुसती तार असते. फोन स्वतः टाइप-सीमधून ॲनालॉग आवाज बाहेर देत नसेल तर ते मुके राहतात. दुसरी गोष्ट ॲपलच्या छोट्या अडॅप्टरची. मोजमापात तो त्याच्या किमतीच्या मानाने फार चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज निम्म्याने दबलेला येतो, कारण फोन अडॅप्टरच्या आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. म्हणून आपला फोन आणि आपला हेडफोन दोन्ही सोबत नेऊन, दुकानातच लावून पाहावे. ऐकायला ‘सैराट’मधले तंतुवाद्यांचे एखादे हळू सुरू होणारे गाणे घ्यावे आणि व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवावा. तेवढ्यावरच गाणे भरून ऐकू आले, तर त्याहून महाग डाँगलवर पैसे घालण्यापेक्षा ते हेडफोनवर घातलेले बरे.