उपयोगाचा दाखला
नव्या ज्ञानाचा उपयोग काय, हें विचारणें सोपें; उत्तर मात्र काळच देतो. १९६१ सालीं स्नित्झर यांनीं कांचेच्या तंतूंत लेसर साधला. १९६२ सालीं हॉल यांनीं अर्धवाहक स्फटिकांत. हा दुसरा लेसर आरंभीं द्रव नायट्रोजनच्या थंडींत क्षणमात्रच चाले. १९६३ सालीं क्रोमर यांनीं भिन्न अर्धवाहकांचे थर रचून विद्युत्कण मधल्या थरांत कोंडण्याची युक्ति सुचविली. परंतु व्यवहारांत उपयोग नाहीं म्हणून त्यांच्या कंपनीनें साह्य नाकारिलें. १९७० सालीं लेनिनग्राडला आल्फेरॉव्ह यांच्या सहकाऱ्यांनीं आणि अमेरिकेंत हायाशी व पॅनिश यांनीं अशाच रचनेनें नेहमीच्या उष्णतामानांत अखंड किरण मिळविला. आज अर्धवाहक लेसरच तंतु-लेसरास ऊर्जा पुरवितात आणि त्याचा किरण कारखान्यांत पोलाद कापतो. म्हणून ज्ञानाला जन्मतांच उपयोगाचा दाखला मागूं नये.