'चायनीज' म्हणजे नक्की कुठली?

मागच्या महिन्यात शनिवारी सकाळी सकाळी सिंगापूरहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. "तू शांघायला होतास ना आठ महिने? मग सांग, हिने चायनीज कुठली घ्यायची? शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय."

शांघायला मी ऑनसाइट होतो हे खरं. पण आठ महिन्यांत माझी प्रगती 'तिखट नको', 'थोडं तिखट चालेल' आणि 'बिल' इथपर्यंतच झाली होती. पण ताईला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. फॉर्म मागवून घेतला.

भाची तिथल्या एका इंटरनॅशनल शाळेत आहे, आता अकरावीत जाईल. म्हणजे आयबी डिप्लोमा, दोन वर्षं, सहा विषय, प्रत्येकाला सातपैकी गुण. फॉर्मवर तीन पर्याय होते. 'चायनीज ए' म्हणजे ज्यांना ती भाषा घरच्यासारखी येते त्यांच्यासाठी, साहित्याचा अभ्यास. 'चायनीज बी' म्हणजे काही वर्षं शिकलेल्यांसाठी. स्टँडर्ड किंवा हायर लेव्हल, हायरला दोन साहित्यकृती मूळ भाषेत वाचाव्या लागतात. आणि 'मँडरिन ॲब इनिशिओ' म्हणजे श्रीगणेशापासून, फक्त स्टँडर्ड लेव्हल.

भाची पाच वर्षं मँडरिन शिकतेय. म्हणजे उत्तर सरळ आहे, बी. पण ताईला कोणीतरी सांगितलं होतं की ॲब इनिशिओ घ्या, सात कुठे गेले नाहीत. तो कोर्स खरं तर भाषा जवळजवळ न येणाऱ्यांसाठी आहे. "मागचं सगळं लिहायचं नाही फॉर्मवर, एवढंच," असंही त्या सल्लागाराने सुचवलं होतं.

हे ऐकून मी जरा गप्प झालो. कारण मी दहावीला संपूर्ण संस्कृत घेतलं होतं. का? स्कोअरिंग म्हणून. ९४ मिळाले. आज समोर साधा श्लोक ठेवला तरी मी अन्वय लावू शकत नाही. तीन वर्षं शिकलो काय, तर पेपर सोडवायला. असो.

फॉर्म वाचताना मला एक गोष्ट खटकली. ए आणि बी यांच्या नावात 'चायनीज', मग तिसऱ्यातच 'मँडरिन' का? शोधायला बसलो आणि दोन वीकेंड गेले.

आधी 'मँडरिन' हा शब्दच घ्या. हा चिनी शब्द नाहीच! पोर्तुगीजांनी तो मलायमधल्या 'मेन्तेरी'वरून उचलला, आणि 'मेन्तेरी' आला संस्कृत 'मंत्रिन्'वरून. (माझे ९४ मार्क इथे पहिल्यांदा कामाला आले :)) चिनी लोक म्हणायचे 'ग्वानह्वा', म्हणजे अधिकाऱ्यांची बोली. देश अवाढव्य, प्रत्येक प्रांताची बोली वेगळी, तेव्हा सरकारी नोकरांनी एकमेकांशी बोलायला वापरलेली ती भाषा. लिपी मात्र सगळ्यांची एक. म्हणजे कँटनचा माणूस आणि पेकिंगचा माणूस एकमेकांना पत्र लिहू शकत, पण समोरासमोर आले की पंचाईत. १७२८ साली युंगचंग बादशहाने वैतागून फर्मान काढलं, कारण फूजियान आणि क्वांगतुंगचे अधिकारी दरबारात काय बोलतात ते त्याला कळेना. त्या प्रांतांत 'शुद्ध उच्चारा'च्या शाळा काढायला लावल्या. त्या पुढे हळूहळू थंडावल्या. सरकारी चायनीज कोर्स बुडाल्याचा हा जुना दाखला.

खरी मजा पुढे आहे. १९११च्या क्रांतीने बादशाही गेली, आणि १९१३ साली नव्या प्रजासत्ताकाने पेकिंगमध्ये उच्चारांचं एकीकरण करायला एक समिती बसवली. साडेसहा हजारांहून जास्त अक्षरांचा उच्चार मतदानाने ठरला, प्रत्येक प्रांताला एक मत! (हाँगकाँगमध्ये एक आख्यायिका आहे की कँटोनीज एका मताने हरली आणि मँडरिन राष्ट्रभाषा झाली. तसं मतदान कधी झालंच नाही. मतं पडली ती एकेका अक्षरावर.) भांडणं भरपूर. शांघायकडच्या एका सदस्याने रिक्षासाठी आपल्या बोलीतला शब्द वापरला आणि उत्तरेकडच्या सदस्याला ती शिवी वाटली, मग तो बाह्या सरसावून धावला, असा किस्सा सांगतात.

निघालं ते काय? पाया उत्तरेचा, पण दक्षिणेचीही मर्जी राखलेली. दक्षिणेकडच्या बोलींत शब्द क, त, प अशा व्यंजनावर तुटतात. 'सहा' हा आकडा घ्या: होक्किएनमध्ये 'लाक', कँटोनीजमध्ये 'लुक', पेकिंगच्या बोलीत 'ल्यो'. शेवटचा तो 'क' उत्तरेत कधीच गळून गेला होता. समितीने तो तुटक स्वर नव्या राष्ट्रभाषेत ठेवला. सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं, आणि परिणामी अशी भाषा तयार झाली जी जगात कोणीच बोलत नव्हतं! कमिटीने स्पेक लिहिला, युजर शून्य. आमच्या क्षेत्रात हे नेहमी होतं, म्हणून मला फार जवळचं वाटलं.

ही भाषा शिकवायला आवाज तर हवा. तो दिला चाओ युआनरेन यांनी. गणित-भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, बोलींचा विलक्षण कान; बर्ट्रांड रसेल चीनमध्ये आले तेव्हा त्यांचे दुभाषी हेच. १९२१ साली त्यांनी या नव्या उच्चारांच्या ग्रामोफोन तबकड्या भरल्या. पुढे ते गमतीने सांगत की कोट्यवधी लोकांसाठी बनवलेली ही भाषा कितीतरी वर्षं बोलणारा मी एकटाच होतो. शेवटी १९३२मध्ये सरकारने शहाणपणा केला आणि पेकिंगचा, म्हणजे खऱ्या माणसांचा उच्चार प्रमाण मानला. भाचीच्या पुस्तकातली मँडरिन ती ही. १९५६मध्ये कम्युनिस्ट सरकारने तिला 'फूथोंगह्वा', म्हणजे सर्वसाधारण बोली, म्हटलं, त्याच वर्षी सोप्या अक्षरांची योजना आली आणि १९५८मध्ये पिनयिन. तैवान-हाँगकाँगने जुनी अक्षरं सोडली नाहीत. आयबीच्या प्रश्नपत्रिका आजही दोन्ही अक्षरांत निघतात, आणि बी कोर्समध्ये मँडरिनच्या शेजारी कँटोनीजचाही पर्याय राहिला. तेव्हा फॉर्मवरचं कोडं मी माझ्यापुरतं असं सोडवलं: जिथे लिपी आणि साहित्य आलं तिथे 'चायनीज' म्हणून सगळ्यांना एका छपराखाली घेता येतं, पण शून्यापासून बोलायला शिकवायचं तर कुठली ते सांगावंच लागतं.

हे सगळं मी ताईला व्हिडिओ कॉलवर सांगत होतो, तर भाची मध्येच म्हणाली, "मामा, पण आमच्या आमाला मँडरिन येतच नाही."

आमा म्हणजे शेजारच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, होक्किएन बोलतात. त्यांची नात भाचीच्याच बरोबरीची, इंग्रजी आणि मँडरिन बोलते. आजी-नातीचं बोलणं म्हणजे दहा-वीस शब्द आणि बाकी हातवारे.

मग मी सिंगापूरकडे वळलो. १९५७च्या जनगणनेत तिथे मँडरिन मातृभाषा सांगणारे हजारात एक होते. बाकी चिनी लोक होक्किएन, तिओच्यू, कँटोनीज वगैरे. १९६६पासून शाळांत दुसरी भाषा सक्तीची झाली. चिनी वंशाच्या मुलांची 'मातृभाषा' ठरली मँडरिन. आईची भाषा कुठलीही असो! मुलं घरी एक बोलत, शाळेत दोन नव्या शिकत, आणि दोन्हींत नापास होत. १९७८-७९मध्ये गो केंग स्वी यांच्या अहवालाने हे उघड केलं, आणि ७ सप्टेंबर १९७९ला ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. बोलीभाषा कमी करा, असा साफ संदेश. दोन-तीन वर्षांत रेडिओ-टीव्हीवरचे बोलीभाषेतले कार्यक्रम बंद झाले. आमा तेव्हा पस्तिशी-चाळिशीच्या असतील. संध्याकाळी रेडिओवरच्या होक्किएन कथा ऐकायच्या, त्या एके दिवशी थांबल्या, एवढं त्यांनी भाचीला नातीमार्फत सांगितलंय.

मला लीना नुसतं खलनायक करायचं नाहीये. डझनभर बोलींत विभागलेला समाज, नुकतं स्वतंत्र झालेलं चिमुकलं बेट, पोरांना रोजगार हवा. शिवाय त्यांनी स्वतः मोठेपणी मँडरिन शिकून घेतली. पण २००९ साली त्यांनीच जाहीरपणे मान्य केलं की चिनी शिकवण्याची सुरुवात चुकीची झाली, डिक्टेशन आणि पाठांतरावर नको इतका भर दिला, आणि मुलांच्या पिढ्यांनी त्याची किंमत मोजली. त्याआधी १९९९मध्येच सरकारला झगडणाऱ्या मुलांसाठी सोपा 'चायनीज बी' जाहीर करावा लागला होता (नाव तेच, पण आयबीशी संबंध नाही). २०२०च्या जनगणनेत घरी मुख्यतः चिनी बोली बोलणारे ८.७ टक्के उरले, आणि इंग्रजी बोलणारे ४८.३ टक्के झाले. म्हणजे आमांची भाषा हटवून मँडरिनला जी जागा करून दिली, तिच्यात आता इंग्रजी येऊन बसतेय.

आपण यातून अगदी सुटलोय असं नाही. माझ्या आजोबांच्या जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत. घरात एकालाही वाचता येत नाहीत, वाचायला माणूस शोधावा लागतो. आणि तिथल्या सरकारी शाळांत भारतीय मुलांना तमिळशिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. ताईला हे दरवर्षी एकदा तरी टोचतं.

गुरुवारी रात्री पुन्हा कॉल झाला. भावजींचं मत अजून ॲब इनिशिओच होतं, युनिव्हर्सिटीला एक-एक पॉइंट लागतो म्हणे, आणि ते काही खोटं नाही. मी माझ्या ९४ मार्कांची गोष्ट सांगितली. ते हसले, पण "तुला नोकरी लागली ना?" असं म्हणालेच. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाचीने मात्र स्वतःच ठरवून टाकलं होतं. बी, हायर लेव्हल. मागची पाच वर्षं फॉर्मवर व्यवस्थित लिहिली. "सहा मिळाले तर?" ताईने विचारलं.

"सहाला आमा काय म्हणते माहितीये?" भाची म्हणाली. "लाक!" आणि शेवटचा 'क' तिने असा काही तोडला की १९१३च्या समितीतले दक्षिणेकडचे सदस्य खूश झाले असते.

फॉर्म गेलाय. दोन साहित्यकृती कुठल्या लागतात ते अजून कळायचंय.